सायलेन्सरच्या टोकामागे काय दडले आहे?

स्पोर्ट्स कारच्या मागच्या बंपरखालून डोकावणारी नळकांडी बदलणे हे गाडीवेड्यांच्या छंदातले बहुधा सर्वांत सोपे काम. मूळची साधी, काळवंडलेली टोके काढायची आणि त्या जागी क्रोमची, चकचकीत स्टीलची किंवा निळसर झाक असलेली टायटॅनियमची टोके बसवायची. एक क्लॅम्प, दोन बोल्ट, एक पाना आणि अर्धा तास. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकाने असोत की पुण्याची नाना पेठ, ‘टिप’ म्हटले की दुकानदाराला पुढचे सांगावे लागत नाही. नुसत्या टिपने इंजिनाची ताकद वाढत नाही, आवाजही जवळपास तोच राहतो. गाडी मागून देखणी दिसते, एवढेच. त्यावर डॉक्टरांनी नाक मुरडण्याचे काही कारण नाही.

मात्र शोभेच्या या तुकड्याकडे एक काम असते, ते बदलताना विसरले जाते. इंजिनातला वायू गाडीपासून दूर फेकणे हे ते काम. धावणाऱ्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर पडलेला वायू गाडीच्या पाठीमागेच घोटाळत राहतो. नवे टोक आखूड असले, बंपरच्या आतच संपत असले किंवा क्लॅम्प सैल राहून सांध्यातून गळती होत असली, तर हा वायू गाडीखाली साचतो. डिकीचे रबर फाटले असेल, डिकी अर्धवट उघडी ठेवून सामान नेले जात असेल किंवा मागची काच खाली असेल, तर तो आत शिरतो.

त्यातला कार्बन मोनॉक्साइड सर्वांत फसवा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि साध्या हवेत श्वास घेऊन तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. लक्षणे अगदी मामुली: डोके जड होणे, मळमळ, गुंगी. घाटात असे झाले की घरचे म्हणतात, ‘गाडी लागली’, आणि आल्याची वडी पुढे करतात. ओळखण्याची एक सोपी खूण आहे. गाडी लागते ती एखाद्यालाच, सहसा मागे बसलेल्याला, चालवणाऱ्याला जवळजवळ नाहीच. सगळ्यांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले आणि चहाला थांबल्यावर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर एक्झॉस्टची गळती तपासून घ्यावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि आकडा छान 98 दिसतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. 70 अंश तापलेल्या धातूला त्वचा सेकंदभर टेकली तरी फोड येऊ शकतो आणि नुकतीच थांबलेली गाडी याहून पुष्कळ तापलेली असते. कारची टोके लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर येतात. मोटरसायकलवर मूळ सायलेन्सरवरची जाळी किंवा कवच काढून टाकले की पोटरी भाजते. भाजल्याबरोबर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नये. रुग्णालयात आल्यावर ते खरवडून काढताना होणारा त्रास भाजण्याच्या त्रासात भरच घालतो.

टोक बदलण्याची गोष्ट इथेच संपली असती तर बरे. पण टिप बसवून झाली की दुकानात पुढचा प्रश्न येतो, “आवाज पाहिजे का?” मग टोकामागचे डबे कापले जातात. हे डबे दोन असतात आणि दोन्ही आरोग्याच्या कामाचे असतात.

इंजिनाकडून पहिला येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅट-कॉन. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. सुमारे 300 अंशांना तापल्यावर त्यावरून जाणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, नायट्रोजनची ऑक्साइडे पुन्हा साधा नायट्रोजन होतात. भारतात एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला. शिसे त्या प्लॅटिनमचे विष, म्हणून त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, आणि 2000 सालापर्यंत देशभरातून शिशाचे पेट्रोल गेले. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. एका डब्याच्या हट्टापायी एका पिढीच्या रक्तातले शिसे कमी झाले, सार्वजनिक आरोग्यात असा दुहेरी लाभ क्वचितच पदरात पडतो. तो डबा काढून सरळ पाइप जोडला की कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण ठरणारे बेंझीन कित्येक पट वाढून बाहेर पडते, आणि ते आधी घेतो सिग्नलला मागे थांबलेला स्कूटरवाला.

दुसरा डबा सायलेन्सर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी 1897 मध्ये त्याचे पेटंट घेतले. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 स्फोट होतात. सायलेन्सरमधल्या छिद्रांच्या नळ्या आणि कप्पे या आवाजाच्या लाटा एकमेकींवर उलट्या आपटवतात आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतात. एका सिलिंडरच्या मोठ्या मोटरसायकलीत त्याच फेऱ्यांना स्फोट 25 होतात. म्हणून तिचा आवाज खर्जातला, आणि खर्ज भिंतींना जुमानत नाही. खिडकी लावून घेतली तरी काच थरथरते ती यामुळे.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर स्पोर्ट्स कार मोजक्या. हीच कलाकारी मोटरसायकलींवर मात्र गल्लोगल्ली चालते. इंदोरी सायलेन्सर, फटाका सायलेन्सर ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. 175 सीसीहून मोठ्या मोटरसायकलीचा आवाज कारखान्यातून निघताना ठरावीक चाचणीत 80 डेसिबलच्या आत असावा लागतो. सायलेन्सरमधली जाळी काढली की शंभरी गाठणे अवघड नसते. 80 आणि 100 यांत 20 चाच फरक दिसतो, पण डेसिबलचे माप वेगळे आहे. दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे जाळी काढलेली एक गाडी मूळच्या 100 गाड्या एकदम सुरू केल्याइतका आवाज करते.

कानाला हे किती वेळ सोसते? 85 डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे. त्या हिशेबाने कॉलेजला जाऊन येतानाच दिवसाचा कोटा संपतो. हायवेवर हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा आवाज त्यात वेगळा.

आतल्या कानात साधारण 15 हजार केसपेशी असतात. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात नाही. गाडीवरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजणे, तासभर ऐकू कमी येणे ही त्या पेशी दमल्याची खूण. असे वारंवार झाले की त्या मरतात, आणि आधी जातात त्या 4000 हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज टिपणाऱ्या. त्यामुळे माणूस सुरुवातीला बहिरा वाटतच नाही. त्याला बोलणे ऐकू येते, पण नीट कळत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होते. गोंगाटाच्या लग्नघरात तो नुसता मान डोलावत राहतो. तिशीतला मुलगा टीव्हीचा आवाज वाढवू लागला की घरचे त्याला ओरडतात, तपासणीला मात्र नेत नाहीत.

‘फटाके’ याहून वाईट. पेटवणी मुद्दाम उशिरा होईल असे केले की न जळलेले पेट्रोल गरम नळीत जाऊन फुटते. महागड्या कारमध्ये हेच काम संगणकातली प्रणाली बदलून केले जाते. मोठ्या आवाजापासून वाचवायला मध्यकर्णात एक चिमुकला स्नायू आहे, तो आवाज येताच हाड ओढून धरतो. पण त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि फटाका तोवर आत पोचलेला असतो. शिवाय हे पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जळून त्याची जाळी वितळवते. ज्याने तो काढला नव्हता, त्याचाही गेलाच.

मोठा आवाज असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतात, असा युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो. नळीचे तोंड मागे असते आणि अपघाताचा धोका बहुतेक वेळा पुढून किंवा बाजूने येतो. हा आवाज सर्वांत जास्त ऐकू येतो तो मागे राहिलेल्यांना, आणि त्यातले पुष्कळसे त्या वेळी झोपलेले असतात.

झोपेतही कान बंद होत नाहीत. माणूस जागा झाला नाही तरी गाडी गेल्यावर नाडी वाढते, रक्तदाब चढतो, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल रक्तात उतरतात. सकाळी यातले काही आठवत नाही. फक्त झोप पुरी झाल्यासारखे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये रस्त्याच्या रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर सरासरी 45 डेसिबलची मर्यादा सुचवली. रस्त्याच्या सरासरी आवाजात दर 10 डेसिबल वाढीमागे हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजाराचा धोका सुमारे 8 टक्के वाढतो, असे तेव्हाच्या अभ्यासांच्या आढाव्यात दिसले. एका माणसासाठी हा आकडा लहान आहे, पूर्ण शहरासाठी नाही. पॅरिसमध्ये आवाजाची मोजणी करणाऱ्या ब्रुईपारिफ या संस्थेचा अंदाज असा, की रात्री शहर ओलांडणारी बदललेल्या सायलेन्सरची एकच स्कूटर 10 हजारांपर्यंत लोकांची झोप मोडू शकते.

आपल्याकडे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आणि रुग्णालयाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 40 डेसिबल ही कायद्याची मर्यादा. नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षातला आवाज 45 च्या आत असावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दीड किलोच्या बाळाची नाडी आणि श्वास मोठ्या आवाजाने बिघडतात. हा कक्ष पुष्कळदा रस्त्याकडच्या बाजूलाच असतो.

वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम 190 खाली पहिल्या खेपेला 10 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना बाद. जप्त सायलेन्सरांची रांग मांडून त्यावर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. चार दिवस शांतता राहते. विकणारी दुकाने मात्र चालूच असतात, आणि खरा उपाय तिथे करावा लागेल.

आवाजाची हौस मुळातच वाईट, असे म्हणणे अरसिकपणाचे होईल. आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या आवाजावर जीव टाकणारे लोक शहाणेसुरतेही असतात. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एका अभियंत्याने पहाटे आपली मस्टँग सुरू केली, तेव्हा शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला होता. त्यानंतर कंपनीने 2018 च्या मस्टँगमध्ये एक सोय दिली. नळीत एक झडप असते, ती बंद राहिली की गाडी सुरू होतानाचा आवाज 82 वरून सुमारे 72 डेसिबलवर येतो. त्या सोयीचे नावच ‘गुड नेबर मोड’. रात्री आठपासून सकाळी सातपर्यंत, अशी हवी ती वेळ मालक एकदाच नोंदवून ठेवू शकतो. नंतर त्याच्या लक्षात राहिले नाही, तरी झडप आपली आपण बंद होते.