वारंवार येणाऱ्या तापाचे मूळ कसे सापडले?

मुलाला अचानक ताप भरतो. पोट इतके दुखते की ते हातही लावू देत नाही. कधी छातीत कळ येते, तर कधी गुडघा सुजतो. एक ते तीन दिवसांत सारे आपोआप शांत होते आणि मूल खेळायला पळते. काही आठवड्यांनी पुन्हा तेच! तुर्क, अरब, आर्मेनियन आणि ज्यू घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे नाव फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. अपेंडिक्स समजून कित्येकांची ऑपरेशने झाली. अशा मुलाला बहाणेखोर ठरवणे आम्हा शिक्षकांनाही सोपे जाते. पण उपचार न झाल्यास पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

गंमत अशी, की कारणाआधी औषध सापडले. 1972 साली कोल्चिसिनने हे झटके टळतात असे दिसले. आपले युनानी हकीम सांधेदुखीवर जो सुरंजान देतात, त्याच जातकुळीच्या कंदात हे द्रव्य असते. मात्र त्याची मात्रा चुकली तर ते विष ठरते; म्हणून घरी प्रयोग नकोत.

कारण शोधायला संशोधकांनी आजारी कुटुंबांचे रक्त तपासले. आजारी भावंडांत जनुकांचा कोणता तुकडा सारखा आढळतो, हे ते पाहत गेले. 1992 मध्ये शोध सोळाव्या गुणसूत्रापर्यंत आला. 1997 मध्ये दोन गटांनी, एक डॅनियल कॅस्टनर यांचा अमेरिकेतील आणि दुसरा फ्रान्समधील, जवळपास एकाच वेळी तो जनुक गाठला. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला पायरिन म्हणतात. पायरिन म्हणजे पांढऱ्या पेशींतला पहारेकरी. जंतूंच्या विषाची चाहूल लागली की तो हाकाटी करतो. जनुकात बिघाड असला की चोर नसतानाही हाकाटी होते. तोच ताप, तीच सूज.

आजार सहसा तेव्हाच होतो, जेव्हा बिघडलेला जनुक आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघे स्वतः बहुधा निरोगी असतात, पण प्रत्येक अपत्याला चारात एक धोका राहतो. म्हणजे दोष एकट्या सुनेचा किंवा तिच्या माहेरचा कधीच नव्हता. 2020 मधील एका संशोधनानुसार असा एकच जनुक असलेल्यांना प्लेगपासून थोडे संरक्षण मिळत असावे. कदाचित म्हणूनच तो इतक्या घराण्यांत टिकला असावा.

आपल्याकडे हा आजार विरळा आहे, पण थॅलेसेमियाचा हिशेब हाच आहे. खालाजाद, मामूजाद नात्यांत निकाह होतात तेव्हा दोघांकडे एकच बिघडलेला जनुक असण्याची शक्यता वाढते. तेव्हा बोलणी पक्की होण्याआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्यावी. आणि मुलाला ठरावीक काळाने ताप येत असेल, तर तारखा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. त्या नोंदींवरून डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते.