गुन्हेगार मेल्यानंतरची आठशे पानं

विक्रम चंद्रा यांच्या ‘सेक्रेड गेम्स’ (२००६) या नऊशे पानी कादंबरीत गणेश गायतोंडे हा टोळीचा म्होरक्या सुरुवातीलाच मरतो. इन्स्पेक्टर सरताज सिंग बुलडोझर लावून त्याचा बंकर फोडतो, तर आत त्याचं प्रेत. एरवीच्या रहस्यकथेत इथे पडदा पडला असता. चंद्रांना मात्र या माणसाला कोणी वाढवलं, कोणी वापरलं, हे शोधायचं आहे आणि उरलेली पानं त्यातच जातात. सरताज त्याआधी १९९७च्या कथासंग्रहातल्या एका दीर्घकथेत येऊन गेला होता. मराठी वाचकाला मालिकेचं अप्रूप नाही. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथांची पुस्तकं हजाराच्या वर आहेत, झुंजार आणि काळा पहाड यांचे चाहते पिढ्यान् पिढ्या होते. पण ती पुस्तकं वाचनालयातून आज न्यायची, उद्या परत करायची. खलनायक पकडला की हिशेब तिथल्या तिथे चुकता. राजकीय गुन्ह्याचा हिशेब असा चुकता होत नाही, म्हणून त्याच्या कादंबरीने लांबणं किंवा मालिकेत पसरणं ही चैन नसून गरज आहे.

जोगेश्वरी पूर्वेच्या राधाबाई चाळीचंच घ्या. मुंबईतल्या दंगलीत ७ आणि ८ जानेवारी १९९३च्या मधल्या रात्री तिथल्या एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली गेली आणि सहा जण मेले. त्यानंतर शहर आणखी पेटलं. सुडाच्या भाषेला या घराचं नाव आयतं मिळालं. टाडा न्यायालयाने १९९६मध्ये अकरा जणांना दोषी ठरवलं, १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. दंगलीची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग सरकारने १९९६च्या जानेवारीत गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा नेमला. अहवाल आला १९९८मध्ये. आता दोनशे पानांत ‘खुनी कोण?’ विचारणाऱ्या लेखकाने नेमकं कुठे थांबावं? १९९६ला थांबला तर त्याचं उत्तर दोन वर्षांत खोटं ठरतं.

राजकारण आलं की रहस्याची मजा जाते, असा एक आक्षेप आहे. पात्रांच्या तोंडी अग्रलेख घातले तर जातेच. पण स्वीडनमध्ये माय श्योवाल आणि पेर व्हालॉ या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहून आपल्या कल्याणकारी राज्याची उलटतपासणी केली, आणि तपासाची चुरस कुठे ढिली पडू दिली नाही. त्यांची पुस्तकं आटोपशीर आहेत; पसारा सगळा मालिकेने पेलला. दुसरा आक्षेप लांबीचा, आणि तो निम्मा खरा आहे. रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने जे. के. रोलिंग लिहितात त्या स्ट्राइक मालिकेतल्या ‘द इंक ब्लॅक हार्ट’मध्ये (२०२२) ऑनलाइन गप्पांचे रकाने पानोपानी चालतात, तिथे संपादकाची कात्री हवीच होती. माझ्या मते मराठीला श्योवाल-व्हालॉंची वाट अधिक मानवेल. जोगेश्वरीतल्या एखाद्या कल्पित उपनिरीक्षकाची मालिका १९९३मध्ये सुरू झाली, तर पहिल्या पुस्तकात त्याने पकडलेले लोक तिसऱ्या पुस्तकात निर्दोष सुटून त्याच्याच हद्दीत राहत असतील, आणि चौथ्यात त्यांच्यापैकीच कुणीतरी तक्रार नोंदवायला त्याच्यासमोर येऊन बसेल.