शुक्रवारची गाणी, सणांची गाणी

10 जुलै 2015 पासून जगभरच्या संगीत कंपन्यांनी नवा अल्बम काढायचा वार एकच ठरवून घेतला, शुक्रवार. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला नव्या गाण्याचा वार नसतो, सण असतो. होळीच्या सुमारास बंजारा तांड्यांवर लेंगी, एप्रिल लागला की बाबासाहेबांची भीमगीतं, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत सेवालाल महाराजांची भजनं आणि मग गणपती-देवीपुढे डीजेवर वाजेल ते सगळं. 2025 च्या नव्या संगीताचा आढावा इथून घ्यायचा, तर ही दोन्ही पंचांगं समोर ठेवावी लागतात.

14 मार्च 2025 ला धुळवड आणि शुक्रवार एकाच दिवशी आले. त्या दिवशी अनुष्का शंकरचा ‘चॅप्टर थ्री : वी रिटर्न टू लाइट’ प्रसिद्ध झाला. सतारीला आलम खानचा सरोद आणि सारथी कोरवारचा ताल. शांतपणे, सलग ऐकावा असा. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी टेलर स्विफ्टचा बारा गाण्यांचा ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ आला आणि मोबाइलवरून आपल्याही पोरांपर्यंत पोचला.

मला मात्र वर्षातला सगळ्यात मोलाचा अल्बम वाटला तो शुक्रवार मोडून आलेला. पोर्तो रिकोच्या बॅड बनीने ‘डेबी तिरार मास फोतोस’ 5 जानेवारीला, रविवारी काढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बेटावर तीन राजांचा सण होता. सतरा गाणी, सगळी स्पॅनिश. साल्सा आहे, आणि प्लेनाही आहे. प्लेनातला पांदेरो म्हणजे कड्यावर चामडं ताणलेलं, हातात धरून वाजवायचं वाद्य, आपल्या डफाचा सख्खा भाऊ. हे वाजवायला त्याने तिथल्याच प्लेनावाल्यांना आणि संगीतशाळेतल्या मुलांना बोलावलं. प्रत्येक गाण्याच्या दृश्यफितीवर एका इतिहासकाराने लिहिलेला बेटाचा इतिहास छापला. आपल्या मातीचं गाणं जगापुढे न्यायचं तर असं, वादकासकट आणि इतिहासासकट.

आपल्याकडेही अल्बम एक सबंध वस्तू म्हणून ऐकला जायचा. 1998 च्या ‘गारवा’त सौमित्रची कविता आधी आणि मिलिंद इंगळेचा आवाज नंतर, हा क्रम मोडला तर अर्धी मजा जाते. संदीप खरे-सलील कुलकर्णींचं ‘आयुष्यावर बोलू काही’ लोकांनी असंच आख्खं पाठ केलं. कॅसेट गेली, सीडी गेली, मेमरी कार्डात शेकड्याने गाणी भरून देणारी मोबाइलची दुकानं आली, आणि गाणं एकटं पडलं. त्या कार्डात फाइलचं नाव उरलं. कवी, संगीतकार, ढोलकीवाला सगळे पुसले गेले.

आजचं यश एकेकट्या गाण्याचंच आहे. संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरचा बंजारा मुलगा. त्याची ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर झळकली, 2025 मध्ये ‘शेकी’ आली. त्याच 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. मराठी शब्दांवर जग नाचतं याचा मला मनापासून आनंद आहे. पण तीन मिनिटांत एका माणसाची लकब कळते, त्याचं गाव कळत नाही. संजूने एकदा सबंध अल्बम करावा, आणि त्यात निदान दोन गाणी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत असावीत, असं मला फार वाटतं.

भीमगीतांची गोष्ट वेगळी. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, विठ्ठल उमपांची फेक, ही परंपरा कॅसेटमुळे घरोघर गेली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचीही दुकानं लागायची. आज कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि लाखो लोक यूट्यूबवर ऐकतात. अमरावतीचा विपिन तातड तोच विचार रॅपमध्ये मांडतो. गायचा प्रकार बदलला, तरी गीतात कवीचं नाव गुंफायची जुनी रीत होती, म्हणून वामनदादा नुसत्या ऐकण्यातूनही ओळखता येतात. नोंद नसली तरी गाण्यानेच आपला कर्ता जपला.

लेंगीला तो आधार फारसा नाही. डफाच्या ठेक्यावर फेर धरून पुरुष आणि बाया गातात, एक गट टाकतो, दुसरा उचलतो, रात्र सरते. ती ऐकायची तर रात्रभराच्या ओघात. यूट्यूबवर मात्र तिचे तुकडे असतात, बहुतेकदा मागे कीबोर्डचा ठेका लावलेले, आणि खाली गाणाऱ्या बायांचं नाव नसतं. पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी नंगारा या वाद्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. तिथे समाजाचा इतिहास मांडला आहे. त्याच्या जोडीला इथल्या तांड्यांच्या आवाजाचा एक नेटका अल्बम हवा.

त्याला मोठा स्टुडिओ लागत नाही. दोन बरे मायक्रोफोन, उघडं मैदान, कीबोर्ड अजिबात नाही. लेंगी सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत सलग घ्यायची, मधे तोडायची नाही. सोबतच्या पुस्तिकेत गोरबोलीतले शब्द देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ, प्रत्येक गाणारीचं आणि डफवाल्याचं नाव, तांड्याचं नाव, तारीख. मिळकतीतला वाटा कुणाला किती, हे आधी तांड्याच्या नायकासमोर बसून लिहून घ्यायचं. होळीची लेंगी गाठायची आहे. तांड्यांवर बोलणी करायची तर दिवाळीनंतर लगेच निघावं लागेल.