वाढता हप्ता आणि सरकारचा हात

सन २०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या घरीं एका विमाकंपनीचें पत्र आलें. आम्हां उभयतांच्या आरोग्यविम्याचा हप्ता गतवर्षाच्या जवळजवळ दीडपट झाला होता. आदल्या वर्षीं आम्हीं कंपनीकडे एका पैशाचीही मागणी केली नव्हती. वय मात्र एका वर्षानें वाढलें होतें. धाकट्या बंधूंसही तसेंच पत्र आलें. ते संतापून म्हणाले, “दादा, आपलें सरकार हें चालूं कसें देतें?” आणि त्या संतापांत त्यांनीं पॉलिसी सोडून दिली. पुढल्याच वर्षीं नांदेडास त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि वडिलार्जित शेताचा एक तुकडा त्यांत गेला. त्यांचा प्रश्न रास्त होता; पण तो विचारावयाचा कोणास, हें जवळा बाजारांत आम्हांपैकीं कोणासच ठाऊक नव्हतें. शोधाअंतीं जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, त्यांनीं तिकडील राज्यांच्या विमाआयुक्तांविषयीं ऐकलें असेल. तेथें १९४५ च्या कायद्यानें विम्याचें नियमन घटकराज्यांकडे राहिलें, आणि २०१० च्या आरोग्यकायद्यानंतर ठराविक मर्यादेपलीकडील हप्तावाढीची छाननी होऊं लागली. आपल्याकडे तसें नाहीं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत विमा हा विषय संघसूचींत, ४७ व्या क्रमांकावर आहे. त्याचें नियमन १९९९ च्या कायद्यान्वयें भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण करतें, आणि त्याची मुख्य कचेरी हैदराबादेस आहे. १९५६ पर्यंत आम्हां मराठवाड्यांतील लोकांचा सारा कारभार हैदराबादेहून चाले; विम्यापुरता तो आजही तेथूनच चालतो! तेव्हां हप्त्याची तक्रार घेऊन मुंबईस मंत्रालयांत जाणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं.

या प्राधिकरणानें ३० जानेवारी २०२५ रोजीं असा आदेश दिला, कीं साठ वर्षें व त्यावरील विमेदारांचा हप्ता वर्षांत १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीनें आधीं प्राधिकरणाशीं विचारविनिमय करावा. दिलासा आहे, परंतु ही अट ‘विचारल्यावांचून वाढवूं नये’ अशी आहे, ‘वाढवूंच नये’ अशी नव्हे, आणि साठीच्या आंतील कर्त्या माणसांस तिचा लाभ नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर उठला, हेंही खरें; पण कर उठणें म्हणजे हप्त्यास लगाम बसणें नव्हे.

मग राज्य सरकारकडे कांहींच नाहीं काय? आमचें मत तसें नाहीं. हप्ता फुगण्याचें एक मोठें कारण रुग्णालयांचीं फुगलेलीं बिलें हें आहे, आणि रुग्णालयें हा विषय राज्यसूचींतील आहे. २०२० च्या साथींत महाराष्ट्र सरकारनें खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. २०२१ च्या नियमांनीं दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनीं लावण्याची सक्ती केली. परंतु दर भिंतीवर दिसणें निराळें आणि आटोक्यांत राहणें निराळें. मुळाशीं पाणी घालणारा हात राज्याचा आहे, म्हणून आमदारांस विचारावयाचें तें याविषयीं.

तोंवर प्रत्येक कुटुंबानें एवढें ध्यानांत ठेवावें. पत्र येतांच रागानें पॉलिसी सोडूं नये. ती दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय २०११ पासून आहे, आणि तसें केल्यास जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकालाचीं काढलेलीं वर्षें फुकट जात नाहींत. नवी कंपनी नकार देऊं शकते. म्हणून मुदतीपूर्वीं बरेच दिवस आधीं अर्ज करावा, व होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी चालूं ठेवावी. पॉलिसीच्या अटींप्रमाणें देय हप्त्याविषयीं वाद असल्यास प्रथम कंपनीस लेखी कळवावें. महिन्याभरांत समाधान न झाल्यास आपल्या भागासाठीं पुण्यास विमा लोकपाल आहेत. तेथें फी नाहीं, वकीलही लागत नाहीं.

बंधूंचें शेत आतां परत यावयाचें नाहीं. पण ज्या घरीं असें पत्र उद्यां येईल, तेथें निदान दार कोणतें ठोठवावयाचें, हें तरी ठाऊक असावें.