हेरलेली पोरं

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसला टेकतो. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. 2018 च्या अशाच मे महिन्यात या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम. देवाडा, जिवती, बोर्डा या गावांच्या आश्रमशाळांची नावं त्या आठवड्यात देशभर छापून आली. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या या मोहिमेचं नाव ‘मिशन शौर्य’. प्रशिक्षण सुरू झालं ऑगस्ट 2017 मध्ये. आधी वर्धा, मग हैदराबाद, दार्जिलिंग आणि शेवटी लेह-लडाख. दोरावर लोंबकळणं, बर्फावर रात्र काढणं, ओझं घेऊन चढणं, सगळ्यात पारखून घेऊन शेवटी दहा जण एव्हरेस्टसाठी निवडले गेले.

म्हणजे दहा निवडले आणि पाच पोहोचले. पोहोचलेल्यांचे सत्कार झाले ते योग्यच. मला मात्र कुतूहल उरलेल्या पाचांचं आहे. तीही त्याच गाळणीतून उतरली होती आणि प्रशिक्षणही तेच होतं. मग फरक पडतो कुठे?

पर्वतावर फरक पडू शकेल अशी एक जागा शरीरात अगदी नेमकी दाखवता येते, आणि ती विलक्षण आहे. मेंदूकडे जाणारी रोहिणी मानेत जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना धानाच्या दाण्याएवढा एकेक पेशींचा पुंजका असतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की तो मेंदूला खबर देतो आणि मेंदू श्वास वाढवतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, एकवीस टक्के, पण हवाच विरळ. अशा वेळी कोणाचा दाणा चटकन आणि जोरात खबर देतो, कोणाचा आळसावतो. हा फरक बराचसा जन्मजात असतो आणि दंडाच्या, मांडीच्या ताकदीशी त्याचं नातं नसतं. म्हणून मैदानावर सगळ्यांना मागे टाकणारा गडी पाच हजार मीटरवर डोकं धरून बसलेला दिसतो, आणि मागून रेंगाळत येणारी पोरगी निवांत चहा पीत असते. तंदुरुस्त माणसाला विरळ हवेचा त्रास कमी होतो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तंदुरुस्ती त्यापासून संरक्षण देत नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि लवकर आजारी पडतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्याही आत. तिथल्या मैदानावर कितीही शिट्ट्या फुंका, हा दाणा आपलं गुपित सांगत नाही. आणि त्याने साथ दिली तरी हवामान, पोट, पायाची बोटं यांपैकी काहीही माणसाला खाली पाठवू शकतं.

निवडलेल्यांतून कोण टिकणार, हेच कोडं अमेरिकेत दरवर्षी शेकडो कोटी रुपये पणाला लावून सोडवलं जातं आणि दरवर्षी चुकतं. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एनबीएमध्ये, नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून येतात. आयपीएलमध्ये ज्याच्या खिशात पैसा तो बोली वाढवतो. इथे पैशाची बोली नाही, पाळी असते. तळाला राहिलेल्या संघांची चिठ्ठी वर निघण्याची शक्यता जास्त, ज्याची पाळी आधी त्याने आधी उचलायचं. दोन फेऱ्या, साधारण साठ नावं. त्याआधी पोरांना शिकागोत बोलावून मोजतात: हात वर करून उंची कुठवर जाते, दोन्ही हात पसरले तर किती, जागेवरून उडी किती, मागे-पुढे पळण्यात किती चपळ. आपल्याकडे सरकारी क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या कोणी पाहिल्या असतील तर हे ओळखीचं वाटेल. उंची, वजन, उभी उडी, लांब उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेकणं, 30 मीटर, 800 मीटर. शिकागो काय नि पुणे काय, फूटपट्टी जवळजवळ एकच.

1984 साली पोर्टलंडच्या संघाची पाळी दुसरी होती. त्यांनी सात फूट एक इंचाचा सॅम बोवी उचलला. तिसऱ्या पाळीत शिकागोने जो उरला तो घेतला, त्याचं नाव मायकेल जॉर्डन. पोर्टलंडवर लोक आजही हसतात. पण तेव्हा त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीपासून होता, नव्हता तो उंच सेंटर. हिशेब चोख होता. बोवीच्या पायाचं हाड कॉलेजात मोडलेलं, दोन हंगाम वाया गेलेले, म्हणून संघाने त्याची तासन् तास वैद्यकीय तपासणीही करून घेतली. डॉक्टर छोट्या हातोडीने नडगीवर टकटक करत विचारत होते, दुखतंय का? तो नाही म्हणाला. दुखत होतं, हे त्याने 2012 मध्ये एका माहितीपटात कॅमेऱ्यासमोर कबूल केलं.

मला तो लबाड वाटत नाही. शेजारच्या गडचिरोलीत, एटापल्ली-भामरागडकडच्या पोलीस भरतीच्या मैदानावर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, “काय रे, गुडघा दुखतो का?” उत्तर एकच येईल, “नाही सर.” पहाटे काळोखात डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव दिसतात, आणि घरची सगळी आशा त्या काही मिनिटांवर टांगलेली असते. दुखणं लपवणं हा तिथला शहाणपणा आहे. निवडणाऱ्याला हवी असलेली माहिती ज्याच्याकडे असते, तोच ती द्यायला सगळ्यात कमी राजी असतो.

तरी लपवाछपवी हा लहानसा भाग झाला. मूळ गंमत गणिताची आहे. गावच्या शाळेत बास्केटबॉल खेळायला लावलं तर उंच पोरगंच जिंकणार, उंचीवरून निकाल सांगता येईल. पण सगळी उंच पोरंच निवडून एका मैदानात सोडली तर? उंची आता सगळ्यांकडेच आहे, ती कोणाला कोणापासून वेगळं करत नाही. निकाल ठरवणार आता उरलेल्या गोष्टी, ज्या मोजल्याच नव्हत्या. चाचणी जितकी कडक, तितकी ती आपल्याच निवडलेल्यांमध्ये निरुपयोगी होत जाते. एव्हरेस्टच्या दहा जणांचंही तेच. ताकद, दम, हिंमत यांवर पारखून घेतल्यावर दहांमध्ये या गोष्टींचा फरक फारसा उरलाच नव्हता. ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ ‘म्हणजे चाचणी चांगली असणं हाच तिचा दोष?’ असं घोकत होतो. दोष नाही, तिचं काम तिथे संपलेलं असतं इतकंच. लोक मात्र त्याच चाचणीतला क्रमांक पुढे वर्षानुवर्षं वापरत राहतात.

खरंच वापरतात. 1995 मध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग या दोन संशोधकांनी एनबीएच्या खेळाडूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. वरच्या पाळीत निवडलेल्या खेळाडूला मैदानावर जास्त मिनिटं मिळतात, त्याची कारकीर्दही जास्त टिकते, आणि खेळ, दुखापती वगैरे सगळं हिशेबात धरूनही हा फरक उरतो, असं त्यांना दिसलं. एवढी मोठी पाळी खर्ची घातली, आता त्याला बसवायचा कसा, हा तो विचार. विहिरीला पाणी लागत नसतानाही आणखी दोन परस खणणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

उलट बाजूही आहे. 2003 मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या पाळीत सर्बियाचा अठरा वर्षांचा डार्को मिलिचिच घेतला. पाचव्या पाळीला ड्वेन वेड गेला, जो पुढे महान ठरला. पण डेट्रॉइट तेव्हा इतका भरात होता की पुढच्याच वर्षी विजेता झाला. अशा संघात शिकाऊ पोराला मिनिटं कोण देणार? बास्केटबॉल सोडून डार्कोने सर्बियात फळबागा लावल्या. त्याच सर्बियाच्या निकोला योकिचचं नाव 2014 मध्ये एक्केचाळिसाव्या पाळीला आलं, तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. तो पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपल्या सतनामसिंग भामराचंही उदाहरण घ्या. पंजाबातल्या बल्लो के गावचा सात फूट दोन इंचांचा हा मुलगा 2015 मध्ये बावन्नाव्या पाळीला डॅलसने घेतला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला भारतीय. मुख्य लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. त्याला अपयशी म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की इतक्या खालच्या पाळीतले कितीतरी खेळाडू त्या लीगमध्ये पाऊलही ठेवत नाहीत. बावन्न या आकड्यात फार मोठं वचन नव्हतंच. ते देशाने स्वतःच्या मनाने लिहून घेतलं होतं.

वयाचं आणखी एक त्रांगडं. वयोगटाच्या स्पर्धेत जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतं, आणि हेरणाऱ्याला ते थोराडपण गुणवत्ता वाटतं. जगभरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळे. आपल्याकडे तर खेड्यापाड्यांत कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावून दिलेली 1 जून असते. त्या कागदावरून कोण थोराड नि कोण कोवळं, काय डोंबल कळणार!

एव्हरेस्टच्या यशानंतर चंद्रपूरला ‘मिशन शक्ती’ची घोषणा झाली. तेव्हाचे अर्थ आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांचा पुढाकार, आमिर खानची हजेरी, आणि उद्दिष्ट असं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींमधून 2024 च्या ऑलिम्पिकसाठी पदकविजेते घडवायचे. पॅरिसला भारताला सहा पदकं मिळाली. त्यात या दोन जिल्ह्यांचं कोणी नव्हतं.

महाराष्ट्राचा एक होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. त्याची गोष्ट या सगळ्या मोजमापाला चक्रावून टाकणारी आहे. 2009 मध्ये वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं. वर्षभर शरीर घडवून घेतल्यावर एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी घेतली. म्हणजे धावणं, उड्या मारणं, चेंडू फेकणं यांवर पोरं पारखणाऱ्या व्यवस्थेतून आलेलं पदक अशा खेळात, जिथे गुडघ्यावर, पोटावर आणि मग उभं राहून, जितकं हलणं टाळता येईल तितकं टाळायचं असतं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तो पदकाच्या अगदी तोंडाशी होता. एक नेम बिघडला आणि तो चौथा आला. पॅरिसला पात्रता फेरीत सातवा, आणि अंतिम फेरीत 451.4 गुणांसह तिसरा.

प्रबोधिनीपासून पॅरिसपर्यंत पंधरा वर्षं गेली. मिशन शक्तीने मुलांना त्याच्या निम्मीही दिली नव्हती. चूक झाली असेल तर ती मुलांची नाही, कॅलेंडरची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एव्हरेस्टच्या वर्षी, 2018 मध्ये, एखादं मूल, एटापल्लीतलं नाहीतर जिवतीतलं, दहा वर्षांचं असेल, तर पॅरिसच्या वेळी ते सोळाचं होतं. पदक मिळालं त्या दिवशी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, स्वप्नील अठ्ठावीस वर्षांचा होता. ते मूल अठ्ठावीसचं होईल 2036 मध्ये, ज्या वर्षाचं ऑलिम्पिक भारताला आपल्याकडे भरवायचं आहे.