विभाजित स्तंभालेख : पीकनोंदींची मांडणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुका वसलेला आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील खरिपाची पिके होत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून स्वतः करता येऊ लागली. कोणत्या गावात कोणते पीक किती, हे अशा नोंदींवरून एका दृष्टिक्षेपात दाखविण्यास विभाजित स्तंभालेख उपयोगी पडतो. संगणकाच्या पडद्यावर तो जावास्क्रिप्ट भाषेच्या साहाय्याने काढता येतो. मात्र तत्पूर्वी नोंदींची फेरमांडणी करावी लागते.

उदाहरणादाखल काही काल्पनिक आकडे घेऊ. सोनाळा येथे कापूस ४० हेक्टर व सोयाबीन ३०. पातुर्डा येथे कापूस २५ व तूर २०. मूळ यादीत गाव व पीक यांच्या प्रत्येक जोडीची एक, अशा चार ओळी असतात. आलेखासाठी प्रत्येक गावाची एकच ओळ आणि तीत प्रत्येक पिकाचा रकाना हवा असतो. ‘रिड्यूस’ या क्रियेने ओळी एकामागून एक वाचून गावनिहाय एकत्र करता येतात. त्यानंतर प्रत्येक खंड आधीच्या खंडाच्या माथ्यावर बसविला जातो : सोनाळ्याचा कापूस ० ते ४०, सोयाबीन ४० ते ७०.

येथे दोन बाबतींत दक्षता हवी. फाइलीतून आलेले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून वाचले जातात. मग २५ आणि २० यांची बेरीज ४५ न होता २५२० होते. म्हणून त्यांचे आधी संख्येत रूपांतर करावे. दुसरे असे की, पातुर्ड्याच्या ओळीत सोयाबीनचा रकानाच नाही. तो रिकामा राहिल्यास पुढील बेरीज चुकते व तुरीचा खंड आलेखातून नाहीसा होतो. तेथे शून्य भरावे लागते.

परंतु पीक न पेरणे आणि पेरलेल्या पिकाची नोंद न होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. यादीत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. नोंद राहून गेलेल्या शेतकऱ्याचे उभे पीक त्या शून्याखाली झाकले जाते. आणि नैसर्गिक आपत्तीतील मदतीच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते. पड जमिनीचीही पाहणीत नोंद होते. तेव्हा गावाच्या एकूण शेतजमिनीतून नोंदलेले सर्व क्षेत्र वजा करून उरलेला भाग ‘नोंद नाही’ अशा वेगळ्या रंगाच्या खंडाने दाखवावा. कोणत्या गावी नोंदणीचे काम अपुरे आहे, हे मग आलेखच सांगेल.