समूहफोटोत मागची रांग काळी का पडते?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातील कनू गांधी यांना महात्मा गांधींनी आपले फोटो काढू दिले, ते फ्लॅश वापरायचा नाही या अटीवर. १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षे कनूभाईंनी ती अट पाळली. आपल्या फोटोग्राफर बांधवांचे मात्र रात्रीच्या शादीखान्यात फ्लॅशवाचून भागत नाही.

निकाहनंतरचा खानदानाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. पाहुणे वर्धा, पुलगाव स्टेशनवरून आपापल्या गावी निघून जातात. हिंगणघाटच्या एका लग्नात आम्हीही फसलो होतो. पुढची मुले पांढरीफटक आणि मागे उभे असलेले दुल्ह्याचे नाना अंधारात! काही महिन्यांनी नानांचा इंतकाल झाला. घरच्यांनी तोच फोटो मोठा करून मागितला, तेव्हा आमची मान खाली गेली.

कारण साधे आहे. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो. पहिली रांग दोन मीटरवर आणि शेवटची चारवर असेल, तर मागे चौथाईच उजेड पोहोचतो. तोच फ्लॅश दोन मीटर मागे न्या. आता अंतरे चार आणि सहा मीटर होतात आणि मागे जवळजवळ निम्मा उजेड मिळतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता स्टँडवर, माणसांच्या डोक्यापेक्षा उंच आणि मागे ठेवावा. त्याने भिंतीवरच्या सावल्या खाली पडतात आणि चष्म्यातील चमकही कमी होते. दोन फ्लॅश असल्यास दोन्ही बाजूंना लावावेत.

छत पांढरे आणि ठेंगणे असेल तर फ्लॅश वर वळवावा. उजेड मऊ पडतो. पण वर हिरवा-गुलाबी मंडप असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो. तेथे पांढरी छत्री बरी.

आता हिशोब. गाईड नंबर ४० चा फ्लॅश आयएसओ ४०० वर ८० चे काम करतो. एफ ८ ठेवल्यास पाच मीटरवर सरळ उजेडाला चौथाई ताकद पुरते. छत्रीत किंवा छतावर साधारण चौपट उजेड खर्च होतो, म्हणजे पूर्ण ताकद लागते. आयएसओ ८०० केल्यास ती निम्म्यावर येते आणि फ्लॅश लवकर भरतो. शटर १/६० ठेवल्यास हॉलचे दिवेही फोटोत येतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ते १/२०० च्या वर नेल्यास काळी पट्टी येते.

कपड्यांचीही गंमत आहे. ऑटो फ्लॅश पांढऱ्या कुर्त्यांना पाहून उजेड कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. काळ्या बुरख्यांसमोर तो उजेड वाढवतो आणि चेहरे धुऊन निघतात. त्यामुळे ताकद हातानेच ठरवावी. एक चाचणी फोटो काढून शेवटच्या रांगेतला चेहरा मोठा करून पाहावा, मगच सर्वांना उभे करावे. डोळे मिटण्याची शक्यता धरून किमान चार फोटो घ्यावेत.

मोबाईल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही लोक आपल्याला बोलावतात, ते मागच्या रांगेतल्या बुजुर्गांचाही चेहरा उजळ यावा म्हणून. तो चेहरा ही आपल्याकडे अमानत आहे. ती सांभाळली, तर इन्शाअल्लाह रोजीही टिकेल.